परतीची गाडी

शोरूममधला मुलगा आधी बॉनेट उघडतो, मग आतली स्क्रीन दाखवतो, मग छताची काच सरकवून दाखवतो. मागच्या सीटवर बसून बघा म्हणायची त्याला सवयच नसते. मी चाइल्ड सीट कडेवर घेऊन आत शिरले तेव्हा त्याला वाटलं, ही बाई शेजारच्या दुकानाऐवजी चुकून इथे आली. “ही गाडीत बसवून बघायची आहे. आधी ही, मग टेस्ट ड्राइव्ह,” मी म्हटलं. नवरा तोवर टायरपाशी उकिडवा बसून गाडीच्या पोटाखाली काहीतरी निरखत होता. चेहरा असा, की आम्ही एकत्र आलेलोच नाही.

आमच्याकडे दोन मुलं. थोरली सहा वर्षांची, धाकटा अडीच. राहायला मुलुंड. थंडीत आणि पावसाच्या तोंडावर, जमेल तेव्हा तंबू घेऊन निघतो. भंडारदरा, वैतरणा, जव्हार, कधी खाली कोकणात. तंबू आमचा, जागा गावातल्या कुणाची तरी, विचारून आणि पैसे देऊन घेतलेली. जेवण त्यांच्याच चुलीवरचं. पवनेच्या काठावर ओळीने ठोकलेले तयार तंबू, बार्बेक्यू आणि रात्रभर ढणढणणारा स्पीकर हा प्रकार बघून झाला, पुरला. आजवर हे सगळं आमच्या जुन्या हॅचबॅकवर निभावलं. नवऱ्याला मात्र लग्नाआधीपासून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ असलेली गाडी, हवी होती. मुलं झोपली की तो चिखलात रुतलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघतो. आवाज बंद असतो, पण गाडी निघाली की नाही ते त्याच्या चेहऱ्यावर कळतं.

माझा विरोध गाडीला नव्हता, जाहिरातीतल्या गाडीला होता. तिथे गाडी कायम कड्याच्या टोकाला उभी, समोर सूर्य, आणि मागच्या सीटवर कुणी उलटी करत नाही. ग्राउंड क्लिअरन्स, अप्रोच अँगल, पाण्यात किती खोल जाते, हे सगळे आकडे नवऱ्याला तोंडपाठ. मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं कुठल्याच व्हिडिओत नव्हती. झोपलेलं पोर आत कसं घालायचं? त्याच्या बाटलीपर्यंत पुढून हात पोचतो का? पॉटी कुठे ठेवायची?

पहिली बघितली ती तीन दारांची थार, २०२० साली नव्या रूपात आलेली. दिसायला ती मलाही आवडते, खोटं कशाला बोलू. पण मागे जायची वाट पुढच्या डाव्या सीटवरून. सीटचा खटका ओढायचा, सीट पुढे लोटायची, उरलेल्या फटीत पाय उचलून चढायचं आणि चढता चढता मान वाकवायची. रिकाम्या हातांनी काही अवघड नाही. झोपलेलं मूल घेऊन करून बघा. डोकं तुमच्या खांद्यावर, पाय लोंबकळताहेत, एक बूट कधीच पडलेला. त्याला आडवं करून त्या फटीतून पलीकडे न्यायचं, सीटमध्ये टेकवायचं, एकेक हात पट्ट्यातून काढायचा आणि बक्कल अशा बेताने लावायचं की ‘खट्’ वाजूनही त्याने डोळे उघडू नयेत. धाकटा त्या दिवशी घरी आजीपाशी होता, म्हणून मी नवऱ्याची लॅपटॉपची सॅक उराशी धरून हा सगळा प्रयोग केला. सॅकचा पट्टा खटक्यात अडकला, माझं डोकं वरच्या दांडीला आपटलं आणि शोरूमच्या मुलाने अत्यंत नम्रपणे विचारलं, “मॅडम, पाणी आणू?”

त्यात मागच्या काचा खाली होत नाहीत. ज्यांच्या पोरांना गाडी लागते त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

सीट बसली मात्र व्यवस्थित. आयसोफिक्सचे लोखंडी आकडे गाडीच्या मागच्या सीटच्या सांध्यात असतात. चाइल्ड सीटचे दोन हात त्यांत सरळ अडकतात, वरून एक पट्टा मागे जाऊन घट्ट होतो. नुसत्या सीटबेल्टने बांधलेली सीट घाटात हळूहळू सैल होते, तो ताप यात नाही. शोरूमच्या मुलाने हे आकडे प्रथमच बघितले असावेत, कारण त्याने मोबाइल काढून फोटो घेतला.

सासऱ्यांना हे सगळं थेर वाटतं. “तुझ्या नवऱ्याला मांडीवर घेऊन आम्ही जीपमधून अख्खा नगर जिल्हा फिरलो,” हे ऐकल्याशिवाय आमच्या घरात चाइल्ड सीटचा विषय संपत नाही. ते पाटबंधारे खात्यात होते. सरकारी जीप, मागे समोरासमोर दोन बाकडी, ताडपत्रीचं छत. त्या बाकड्यांवर आज चाइल्ड सीट बसवणारच कुठे, आडव्या बाकड्याला ती धरतच नाही. आणि तेव्हा जीपचा वेग किती, रस्त्यावर गाड्या किती! आता समृद्धीवर शेजारून जाणारी गाडी ताशी १२०ने जाते. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १९४ बी कलम आलं आहे: १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड. आपल्याकडे अर्धी मुंबई पोरांना पुढे मांडीवर घेऊन हिंडते, समोर एअरबॅग असतानाही, त्यामुळे तो दंड कोणाला होत असेल देव जाणे.

अपघात चाचण्यांचे तारे आता सगळेच सांगतात, पण सांगताना अर्धं गिळतात. मोठ्यांचे तारे वेगळे असतात आणि मुलांचे वेगळे. स्कॉर्पिओ-एनला २०२२ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत मोठ्यांसाठी ५ तारे मिळाले, मुलांसाठी ३. जाहिरातीत कुठले पाच झळकले ते सांगायला नको. तीन दारी थारला २०२०मध्ये दोन्हींकडे ४. बोलेरो निओला २०२४मध्ये दोन्हींकडे १, आणि ते वाचून मला वाईट वाटलं, कारण सह्याद्रीत ज्या वाटेवर नवरा “इथे फोर बाय फोरच हवी” म्हणून थबकतो, त्याच वाटेवरून एखादी म्हातारी बोलेरो पंधरा माणसं, दोन बकऱ्या आणि खताची गोणी घेऊन समोरून हॉर्न देत येते. तिला फक्त मागच्या चाकांची ओढ असते. गावातले ड्रायव्हर गाडीपेक्षा रस्ता ओळखतात, हा त्यातला भाग. दुसरा भाग असा की त्यांना जायचं तिथे रस्ता असतोच. रस्ता सोडून जायची हौस मुंबईकरांना.

मग जिम्नी. २०२३मध्ये पाच दारांची आली, आणि फोर बाय फोर सगळ्याच मॉडेलमध्ये, वेगळे पैसे नाहीत. रुंदी १६४५ मिलिमीटर, म्हणजे मुलुंडच्या गल्लीत भाजीवाल्याची हातगाडी आणि रिक्षा यांच्यामधून निघते. हलकी आहे, उड्या मारत कुठेही चढते. पेट्रोल आहे. माझं मन जवळजवळ जडलं होतं. पण मागे बसायला जागा दोघांना, म्हणजे आमच्या दोन चाइल्ड सीट बसल्या की गाडी भरली, आजी-आजोबांनी घरीच राहायचं. आणि डिकी २०८ लिटर. आमचं सामान ऐका: तंबू, खालची ताडपत्री, चार चटया, चार पांघरुणं, गॅसची छोटी शेगडी, २० लिटरचा पाण्याचा कॅन, कपड्यांच्या दोन बॅगा, त्यातली एक फक्त धाकट्याची, पॉटी, डायपर, औषधांचा डबा, थोरलीची दुर्बीण, आणि ऐनवेळी लागणारी सासूबाईंची चकल्यांची बरणी. डिकी भरली की सामान मागच्या सीटच्या पाठीच्या वर चढतं, आणि जोरात ब्रेक लागला की पाण्याचा कॅन सरळ पोरांच्या डोक्याकडे झेपावतो. टपावर कॅरिअर लावायचा म्हटलं तर वजन वर जातं, आणि उंच गाडी आधीच वळणावर झुलते. टपावरच्या तंबूची नवऱ्याची हौस तिथेच मावळली. नाहीतरी अडीच वर्षांच्या पोराला रात्री शिडीने उतरवून शू करायला न्यायचं कोणी, हे त्याने सांगितलं नव्हतं.

मुंबईत गाडी निवडणाऱ्याला डोंगराच्या आधी सोसायटीचं पार्किंग आडवं येतं. आमच्याकडे यांत्रिक पार्किंग आहे, एकावर एक गाड्या चढवणारं. भिंतीवर रंगवलेली सूचना आहे: कमाल उंची १९०० मिलिमीटर. थार १८५५च्या आसपास, बसते. फोर्सची गुरखा २०९५, तिचं नावच काढायला नको. नवऱ्याचा तिच्यावर जीव, कारण पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ओढ वाटणाऱ्या भागांना, लॉक; एक चाक घसरलं तरी दुसरं ओढतं. पण गाडीला गिअर फक्त हाताचे आणि माझा रोजचा रस्ता एलबीएस मार्ग. ज्याने सकाळी नऊ वाजता भांडुपला हाफ क्लचवर अर्धा तास काढला आहे त्याला पुढचं सांगायला नको. आणि पाच दारांची थार रॉक्स, जी बघता बघता माझे बहुतेक प्रश्न मिटले, ती १९२३. तेवीस मिलिमीटरने नापास. वॉचमनने टेपने मोजून दाखवलं आणि म्हणाला, “ताई, हवा कमी केली तर जाईल का?”

इतकं होईस्तोवर माझं मत असं होतं की आम्हाला फोर बाय फोर लागतच नाही. पाच दारं, उंच गाडी, मोठी डिकी, बस्स. मागच्या चाकांवर चालणारी रॉक्स स्वस्त पडते. करांचं गणितही तेच सांगतं: २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना जीएसटी १८ टक्के, पण त्यात पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आणि डिझेल १५०० सीसीच्या आत हवं. बाकीच्यांना ४० टक्के. जिम्नी लांबीने चार मीटरच्या आत असूनही इंजिनमुळे चाळिसात जाते आणि छोट्या डिझेलची, मागच्या चाकांची थार अठरात राहते. सरकारलाही फोर बाय फोर चैन वाटते, असं मी नवऱ्याला ऐकवलं.

मत फिरलं ते भंडारदऱ्याच्या बाजूला एका खाचरात.

मे संपत आला होता, काजव्यांचे दिवस. डांबरी रस्त्यापासून जरा खाली, भातखाचरांच्या बांधाला लागून, एका मामांच्या जागेत तंबू लावला होता. मेमध्ये खाचर म्हणजे भेगाळलेली, पायाला टोचणारी कडक जमीन. हॅचबॅक बांधावरच्या उतारावरून सहज खाली आली, फक्त एकदा चेंबर घासल्याचा आवाज झाला. संध्याकाळी रतनगडाकडे ढग भरले. मामा म्हणाले, “वळीव आहे, तासाभरात जाईल.” तासाभरात गेलाही. पण तेवढ्यात खाचराचा लगदा झाला.

रात्री एकच्या सुमाराला थोरली उठून बसली. “आई, कानात कुणीतरी टोचतंय.” आधी कुरकुर, मग रडणं, मग ज्याला आमच्याकडे भोकाड म्हणतात ते. औषध दिलं, गरम रुमाल धरला, काही होईना. कानदुखीने कुणी मरत नाही हे डोक्याला कळतं. पण पोर कान धरून तंबूत गडाबडा लोळत असताना आणि मोबाइलला रेंज नसताना डोकं फार ऐकून घेत नाही. घोटीला दवाखाना गाठायचा ठरवलं. मुलं गाडीत, गाडी सुरू, पहिला गिअर. पुढचं डावं चाक जागच्या जागी गरगर फिरलं आणि बंपरवर चिखलाचा सडा पडला. उजवं चाक ढिम्म. नवरा जितका रेटायचा तितकं डावं चाक खड्डा खणत खाली.

साध्या डिफरन्शियलचा तो स्वभावच. वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या गतीने फिरावं म्हणून ते असतं, पण एक चाक घसरायला लागलं की इंजिनची ताकद त्याच घसरणाऱ्या चाकाकडे वाहून जाते. ज्या चाकाखाली घट्ट जमीन आहे ते बघत बसतं. हे नवऱ्याने मला कितीतरी वेळा समजावलं होतं. पटलं त्या रात्री, टॉर्च धरून, सॅंडलमध्ये चिखल घेऊन.

मामा घोंगडी पांघरून आले, मागून त्यांचा मुलगा. चाकाखाली पेंढा घातला, वर गोणपाट. गाडी हातभर सरकली आणि गोणपाट मागे भिरकावून पुन्हा बसली. मग मुलगा शेजारच्या वाडीतून ट्रॅक्टर घेऊन आला. आता आमच्या गाडीला दोर बांधायचा कुठे? ओढायचा हूक स्टेपनीखाली, जॅक आणि पान्याच्या फोमच्या खणात असतो. तो काढायचा, बंपरवरचं चौकोनी झाकण नखाने उचकटायचं आणि हूक आट्यांत फिरवून बसवायचा. स्टेपनी काढायची म्हणजे आधी डिकी रिकामी. त्या मध्यरात्री आमच्या चटया, पातेली, पॉटी आणि चकल्यांची बरणी खाचराच्या बांधावर ओळीने मांडलेली होती आणि मामींनी ती सगळी प्लास्टिकने झाकली. मागे काय राहिलं त्याची काळजी करू नका म्हणाल्या. घोटीला पोचेपर्यंत थोरली झोपली होती. डॉक्टरांनी कान बघितला, थेंब दिले. सकाळी ती वडापाव मागत होती.

या प्रकारानंतर नवरा एक अक्षर बोलला नाही, हे त्याचं शहाणपण. मीच म्हटलं, फोर बाय फोर घेऊ. पण माझं कारण त्याच्या कारणापेक्षा वेगळं आहे आणि त्यावरून अजूनही आमचं जुंपतं. त्याला ती गाडी आणखी आत जाण्यासाठी हवी. मला ती जिथवर साध्या गाडीने जातो तिथूनच, पाऊस पडून गेल्यावर, रात्री एक वाजता, कुणाला न उठवता बाहेर पडण्यासाठी हवी. आत जाताना मी गाडीत फोर बाय फोर नाही असं धरूनच चालणार. कोरड्या जमिनीवर दोन चाकांनी जाता येईल तिथे तंबू, त्याच्या पुढे पाय. फोर लो, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त ओढ देणारा गिअर, हा राखीव साठा. तो जातानाच वापरला तर येताना काय वापरणार?

फोर लोचं खरं काम मला सासऱ्यांनी समजावलं, नवऱ्याने नव्हे. लो लावला की गिअरची ओढ गाडीगणिक दोन-अडीच पट होते आणि गाडी गोगलगाय होते. पोरांना वाटतं हे चढायला असतं. “उतरायला असतं ते,” सासरे म्हणाले. धरणाच्या कामावर ओल्या उतारावरून जीप उतरवायची तर लो, पहिला गिअर, आणि ब्रेकवरून पाय काढून ठेवायचा. इंजिनच गाडीला धरतं. ब्रेक दाबलात तर चाकं अडतात, आणि अडलेलं चाक चिखलावर स्टेअरिंगचं ऐकत नाही. हे सांगताना त्यांनी जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली हळूहळू उतरवून दाखवली. आणि कोरड्या डांबरावर फोरमध्ये चालवायची नाही. अशा गाड्यांत पुढचा-मागचा आस एकमेकांना जखडलेला असतो, वळताना तो ताण सुटायला जागा मिळत नाही आणि आतली यंत्रणा कुरकुरते. चिखल संपला की लगेच टू एच, म्हणजे परत दोन चाकांवर.

आणखी आत न जाण्याला दुसरंही कारण आहे. काजव्यांचे नर लुकलुकतात ते मादीला खूण म्हणून. हेडलाइटचा झोत पडला की तो सगळा संवाद बंद. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा-बेहड्याच्या झाडांखाली गाड्या नेऊन, दिवे चालू ठेवून सेल्फी काढणारे लोक मी बघितले आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्याही गाडीला चारही चाकांची ओढ असून उपयोग नव्हता, दिवा बंद करायचं बटण सापडलं असतं तर पुरे होतं. कोकणात तेच किनाऱ्यावर. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि त्याच वाळूत गाडी पळवायची म्हणून लोक मुंबईहून जातात. वरून ओलसर, कडक दिसणारी वाळू खाली भुसभुशीत असते; गाडी बसते, सहा तासांत भरती येते, आणि दुसऱ्या दिवशी बॉनेटपर्यंत पाण्यात बुडालेल्या गाडीचा फोटो सगळ्यांच्या फोनवर. पोलीस गुन्हा दाखल करतात ते वेगळंच. गाडी रस्त्यावर ठेवून पोरांना वाळूत चालवा. पोरांना वाळूत चालायलाच आवडतं, हे बापांच्या ध्यानात का येत नाही कोण जाणे.

डिझेल की पेट्रोल यावर आठवडे गेले. हल्लीच्या डिझेलच्या सायलेन्सरवाटेत काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. ती काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. एलबीएस मार्गावर मेट्रोचं काम, पहिला-दुसरा गिअर, आणि शाळेपर्यंतची फेरी यांत ती कधीच पुरेशी तापत नाही आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. फक्त शहरात फिरणाऱ्याने डिझेल घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या गाडीला अधूनमधून नाशिक रस्ता मिळतो, म्हणून डिझेल चालेल. शिवाय रॉक्समध्ये फोर बाय फोर हवी तर डिझेलच, म्हणजे वाद तसा कंपनीनेच मिटवलेला.

टायरवरून मात्र मी हटले नाही. चिखलाचे, मोठ्या खाचांचे एमटी टायर दिसतात रुबाबदार, पण आमच्या दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरच्या प्रवासात चिखल असतो शेवटचा एखादा किलोमीटर. बाकी सगळं डांबर आणि काँक्रीट. त्यावर ते टायर घूंऽऽ करत राहतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो. धाकटा त्या आवाजात झोपणार नाही, आणि तो झोपला नाही तर कोणीच कसारा पार करत नाही. अर्थात ५ जून २०२५ला समृद्धीचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. डोंगरातून सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा, पोरांना गाडी लागायच्या आत इगतपुरी. ऑफ-रोड गाडीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा आमच्या घराला सरकारच्या त्या बोगद्याने जास्त सुख दिलं, हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो दुखावला.

रॉक्स ठरली. टेस्ट ड्राइव्हला तो पुढे, मी मागे, दोन्ही चाइल्ड सीटच्या मधोमध. मेट्रोच्या लोखंडी पत्र्यांवरून आणि पेव्हर ब्लॉकच्या उंचवट्यांवरून जाताना गचके बसतात. चासीवर बांधलेल्या गाडीला ते असायचेच. पण काच खाली होते, एसीची हवा मागे येते, दार पूर्ण उघडतं आणि पोराला उभ्यानेच सीटमध्ये ठेवता येतं. भारत एनकॅप या आपल्याकडच्या अपघात चाचणीत मोठ्यांना ५ तारे, मुलांनाही ५. अडचण एवढीच की दोन चाइल्ड सीटच्या मध्ये उरते ती जागा माणसाची नव्हे. सासरे आले की ते पुढे बसणार, म्हणजे ती जागा माझी. पायरीशिवाय त्यांना चढताही येत नाही, गुडघे ऐकत नाहीत. पायरी लावली तर खाली क्लिअरन्स कमी होतो म्हणून नवरा कुरकुरला, आणि पायरी लागली. पहिल्यांदा आली तेव्हा या गाडीच्या आतल्या सीट जवळजवळ पांढऱ्या होत्या. चिखलात जायच्या गाडीला पांढऱ्या सीट देणाऱ्याला मुलं नसावीत. फोर बाय फोरमध्ये कॉफीच्या रंगाचा पर्याय मिळतो, तोच घेतला.

पार्किंगचं कोडं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सोडवलं. त्यांची गाडी लहान आणि जागा गेटजवळ उघड्यावर, बदामाच्या झाडाखाली. पानं आणि कावळे यांना ते कंटाळले होते. सोसायटीच्या सभेत अदलाबदलीचा ठराव मांडला, त्यावर पाऊण तास चर्चा झाली, त्यातला अर्धा तास पाण्याच्या टाकीवर. मंजूर झाला. कावळे आता आमचे.

आता यादी चालू आहे. टायरमध्ये हवा भरायचा छोटा कंप्रेसर घेतला, कारण चिखल-वाळूत हवा कमी केली की टायर पसरतो आणि धरतो, पण डांबरावर यायच्या आधी ती परत भरावी लागते. ओढायचा रुंद पट्टा, फावडं, सामान जखडायची जाळी. ओढायचा हूक आता डिकीत सगळ्यात वर राहणार, पॉटीच्या शेजारी. पुढचा लोखंडी बुलबार नाही; २०१७च्या अखेरीस केंद्राने त्यांच्यावर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलं आहे, आणि तो लावला तर एअरबॅगला धक्का कधी बसला ते वेळेवर कळत नाही. गाडी चालू ठेवून, एसी लावून आत झोपायची कल्पनाही बाद, धुराने माणूस झोपेतच जातो. राहिला विंच, रुतलेली गाडी दोर गुंडाळत ओढून काढणारं यंत्र. नवऱ्याने त्याचं कोटेशन आणून फ्रिजवर चुंबकाने लावलं आहे. मी त्याच्यावरच शाळेच्या फीचं पत्रक लावलं. दिवाळीनंतर बघू, असं ठरलंय.